‘आपण संपणार हे ठरलेलेच आहे, मग शिकवायचे कशासाठी?’

सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणारे चाळिशीतले एक शिक्षक झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मे २०२५ मधला भारत-पाकिस्तान संघर्ष चार दिवसांत थांबला, पण त्यांचे रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर युद्धाच्या बातम्या पाहणे काही थांबले नव्हते. त्यातच ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा त्यांचे घरही पुरात होते. त्यामुळे हवामानबदल त्यांना पुस्तकातून समजावून घ्यावा लागला नव्हता. “मॅडम, बॉम्बने नाही तर उष्णतेने, पण आपण संपणार हे ठरलेलेच आहे. मग मी मुलांना नकाशे कशासाठी भरायला लावतो?” असे त्यांनी विचारले.

अशी माणसे अलीकडे बरीच भेटतात. भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक जणांनी मानवजातीचा विनाश अटळ असल्याचे मत मान्य केले होते.

‘काही होणार नाही’ असा दिलासा मी दिला नाही, कारण भूगोलाच्या शिक्षकाला तो पटलाच नसता. त्यांच्या भीतीला आधार होता. आधार नव्हता तो त्यांच्या खात्रीला. म्हणून विद्यार्थ्याकडून जसे पुरावे मागतात तसे दोन्ही बाजूंचे पुरावे लिहून आणा, असे मी त्यांना सुचवले. विनाशाची बाजू त्यांनी माझ्यासमोरच एका दमात लिहून काढली, आणि ती खोटी नव्हती: २०२४ हे औद्योगिकपूर्व सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले होते. दुसरी बाजू भरायला मात्र बरेच दिवस लागले. १९८६ च्या सुमारास जगात सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रे होती, ती आज बारा हजारांच्या घरात आहेत; ओझोनचा थर वाचवणारा माँट्रियल करार १९८७ मध्ये झाला आणि तो पाळला गेला; शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी देवी रोगाच्या निर्मूलनासाठी एकत्र काम केले.

बोलता बोलता लक्षात आले की त्यांनी दोन प्रश्न एकत्र करून टाकले होते. मानवजात समूळ नष्ट होईल का, हा एक. आणि कोट्यवधी माणसांचे जगणे कठीण होईल का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर आजच होकारार्थी आहे आणि माणसाच्या हाती काही असेल तर ते तिथेच आहे. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात १९७० च्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे दगावली. २०२० च्या अम्फान वादळात त्याच भूमीवर, म्हणजे बांगलादेशात, मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली, कारण मधल्या काळात पूर्वसूचना, निवारे आणि गावोगावचे स्वयंसेवक उभे राहिले होते. हे उदाहरण त्यांना आधीपासून ठाऊक होते, वर्गात ते शिकवतही असत. स्वतःच्या भीतीशी मात्र त्यांनी ते कधी जोडले नव्हते.

मोबाईल झोपण्याच्या खोलीबाहेर गेला, बातम्यांसाठी संध्याकाळचा अर्धा तास ठरला. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेले की कोणती गल्ली बुडते, याचा नकाशा त्यांनी नववीच्या मुलांकडून करून घेतला. ही कल्पना सर्वस्वी त्यांची. झोप हळूहळू सुधारली. क्षेपणास्त्रांची बातमी आली की अस्वस्थता अजून परतते, आणि जगाची अवस्था पाहता ती पूर्णपणे जावी अशी माझीही अपेक्षा नाही.

मात्र अशी चिंता आठवडेच्या आठवडे झोप किंवा काम बिघडवत असेल, जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले असेल, तर केवळ बातम्या कमी करून भागत नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते.