पासवर्ड ठेवा म्हणून किती वेळा सांगायचं?

प्रश्न : नवीन सिस्टम सुरू करताना घाई होती, म्हणून सगळ्यांची खाती बिनपासवर्डची उघडली. ‘आपापला पासवर्ड ठेवून घ्या’ असे तीन मेल झाले, तरी ६० पैकी वीसेक जणांनी अजून ठेवलेला नाही. आता काय करू?

उत्तर : चौथा मेल पाठवू नका. पासवर्ड न ठेवल्याने कुणाचं काही अडत नाही, मग कोण कशाला ठेवेल? अडायला हवं ते लॉगिनच्या दारात. विंडोजमध्ये पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलायला लावणारी खूण खात्यावर करता येते. लिनक्समध्ये पासवर्डची मुदतच संपवून टाकता येते. मग माणूस आत येतो तो पासवर्ड ठेवूनच.

आधी मात्र नक्की कोण बाकी आहे ते बघा. लिनक्सवर शॅडो फाइल (पासवर्डच्या नोंदी ठेवणारी) उघडा. दर खात्याला एक ओळ, मध्ये कोलन. पहिल्या कोलनला दुसरा चिकटून आला असेल, मध्ये काहीच नसेल, तर ते दार सताड उघडं आहे. तिथे नुसतं उद्गारचिन्ह किंवा तारा दिसला तर काळजी नको, त्या खात्यात पासवर्डने शिरताच येत नाही. आणि बॅकअपसारख्या कामांची खाती या सक्तीतून वगळा. तिथे नवा पासवर्ड टाकायला कुणी बसलेलं नसतं. मी एकदा ती वगळायला विसरलो होतो. रात्रीचा बॅकअप गुपचूप बंद पडला आणि ते कळलं एक फाइल परत हवी झाली तेव्हा.

सगळ्यांना सोमवारी सकाळी एकदम अडवू नका. दहा-दहा जणांना घ्या, आणि त्या वेळी स्वतः जागेवर असा.

प्रश्न : तोवर सगळ्यांना एकच तात्पुरता पासवर्ड दिला तर?

उत्तर : नको. तात्पुरता वर्षभर चालतो, आणि शेजाऱ्याचं खातं कसं उघडायचं ते सगळ्यांना पाठ होतं. प्रत्येकाला वेगळा द्या, पहिल्या लॉगिनलाच बाद होणारा.

प्रश्न : आमच्याकडे मोठं अक्षर, आकडा, चिन्ह सगळं लागतं, शिवाय दर ९० दिवसांनी बदल. लोक कीबोर्डखाली चिठ्ठ्या ठेवतात. कारवाई करावी का?

उत्तर : कारवाई नियमावर करा, चिठ्ठी त्यानेच लिहायला लावली आहे. हे नियम रुजले त्यात निस्ट या अमेरिकी मानक संस्थेच्या २००४ च्या मार्गदर्शिकेचा मोठा वाटा. ती लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो असं जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी निस्टने दोन्ही सक्ती नकोत असा सल्ला दिला. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये विंडोजच्या आपल्या शिफारशींमधून पासवर्डची मुदत काढून टाकली.

कारण साधं आहे. बदलायला लावलं की माणूस शेवटच्या १ चा २ करतो. मोठं अक्षर मागितलं की ते पहिलं, चिन्ह मागितलं की शेवटचं. पासवर्ड फोडणारे नेमकी हीच सवय धरून चालतात.

पण अगदी मोकळं सोडूनही भागत नाही. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन या संगणकतज्ज्ञांनी युनिक्स या सिस्टमवरच्या ३,२८९ पासवर्डांचा हिशोब मांडला. १५ जणांचा पासवर्ड एका अक्षराचा, ७२ जणांचा दोन अक्षरांचा! एकूण ८६ टक्के सहज सापडतील असे. तेव्हा लांबी मागा. ठेवलेला पासवर्ड फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी सिस्टमलाच ताडून बघू द्या. बदलायला लावा तो फुटल्याचा संशय आल्यावरच. ‘कासव छत्री तेरावा पंखा’ असे चार असंबद्ध शब्द सुचवा (हे चार नकोत, ते आता छापून आले). शब्द मराठी चालतील, टाइप मात्र रोमन अक्षरांत करायला सांगा. लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड कोणत्या भाषेत उघडेल याचा भरवसा नसतो.

प्रश्न : आमचे साहेबच म्हणतात, ‘माझ्या कॉम्प्युटरवर चोरण्यासारखं आहे काय?’

उत्तर : चोरण्यासारखं नसेल, पण त्यांच्या नावावर करण्यासारखं बरंच आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या खात्यातून काय काय मंजूर झालं त्याची यादी काढून समोर ठेवा आणि विचारा, ‘साहेब, यातलं सगळं तुम्हीच केलंत ना?’ बिनपासवर्डच्या खात्यावर ‘मी नाही केलं’ म्हणायला आधार उरत नाही. हे मी दोनदा करून पाहिलंय. दोन्ही वेळा पासवर्ड त्याच दिवशी ठेवला गेला.

प्रश्न : लोक विसरतात म्हणून सगळ्यांचे पासवर्ड मी एक्सेलमध्ये ठेवले आहेत. फाइल माझ्याकडेच असते.

उत्तर : १९६६ मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या सीटीएसएस या सामायिक कॉम्प्युटर सिस्टमवर एडिटरमध्ये (मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये) दोन फायलींची अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशीच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. तीही फाइल ‘आपल्याकडेच’ होती. तुमची आजच पुसा, बॅकअपमधलीही, आणि यादीतल्या सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावा. विसरणाऱ्याला रीसेट करून द्या. पण फोनवरचा आवाज ओळखीचा वाटला म्हणून नाही, त्याच्या नोंदवलेल्या नंबरवर तुम्ही स्वतः उलट फोन करून.