ताडोबाजवळच्या रिसॉर्टमधल्या खोलीभाड्यावरच्या करात आमच्या ग्रामपंचायतीचा वाटा असतो का?
नाही, थेट एक रुपयाही येत नाही. बिलच बघा: २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. ६,००० च्या खोलीवर ३०० रुपये. १५० केंद्राचे, १५० राज्याचे. पाहुणा दिल्लीचा असला तरी राज्याचा वाटा महाराष्ट्रालाच, कारण हॉटेल इथे उभं आहे. राज्याचा जुना ऐषाराम कर २०१७ मध्ये जीएसटीतच विरला. गावाच्या हातात उरते ती प्रामुख्याने रिसॉर्टच्या इमारतींवरची घरपट्टी. म्हणून वाढीव बांधकाम, नवी कॉटेजेस नमुना ८ मध्ये, म्हणजे पंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, चढली आहेत का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) जाऊन तपासाच. गावाचा हक्काचा पैसा तिथेच निसटतो. वित्त आयोगाचा निधी पंचायतीला मिळतो खरा, पण तो मुख्यतः लोकसंख्येवर, मुक्कामी पर्यटकांच्या संख्येवर नाही.