पिस्तूल एकच, बोअर दोन : रेंजवरचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर. मुलगा कोल्हापुरात दुधाळीच्या शूटिंग रेंजवर प्रॅक्टिस करतो, आता सिनियरला आलाय. त्याच्याकडे पार्दिनी कंपनीचं .२२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) पिस्तूल आहे. कोच म्हणतात सेंटर फायर हा मोठ्या बोअरचा प्रकारपण खेळ, पण नवीन .३२ पिस्तूल घ्यायचं म्हणजे आमच्या आवाक्याबाहेरचं काम. कुणीतरी सांगितलं की त्याच पिस्तुलावर .३२ चा किट बसतो. आणि आमचे एक पाहुणे आहेत, उद्यमनगरात वर्कशॉप आहे त्यांचं, ते म्हणतात किट कशाला, मला दे, लेथवर बॅरल करून देतो. काय करू? – एक पालक, राजारामपुरी

उत्तर : पाहुण्यांना आधी चहा पाजा आणि मग नको म्हणून सांगा. उद्यमनगरातली माणसं काय वाट्टेल ते करून देतील, पंपाच्या शाफ्टपासून ते अख्ख्या मशीनपर्यंत, त्यांच्या हाताबद्दल शंका नाही, पण हे काम त्यांचं नव्हे. शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ बघा, बंदूक बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं हे सगळं परवाना असलेल्यानंच करायचं. कलम ६ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं आणखी भर पडली, एका वर्गातलं शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलायलाही परवाना लागतो. आणि कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागसुद्धा शस्त्रच, म्हणजे नुसती बॅरल कपाटात ठेवली तरी भानगड. मुलाचं करिअर जाईल आणि पाहुण्यांचं वर्कशॉपपण. शिवाय ते स्टील, ती हीट ट्रीटमेंट, प्रूफ टेस्ट (जादा दाबाची चाचणी) याचा हिशोब कोण देणार? हात मुलाचा आहे.

आता किटचं. हो, बसतो, आणि कंपनीच तो बनवते. पार्दिनीचं एसपी म्हणजे .२२ आणि एचपी म्हणजे .३२, दोन्ही एकाच घराण्यातली, त्यामुळं खालची बॉडी आणि ग्रिप तीच ठेवून वरचं युनिट बदलता येतं. वॉल्थर जीएसपीला तर हा प्रकार जुना आहे, ते १९६८ चं डिझाईन. हे जमतं कसं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की फक्त नळी बदलायची. .२२ चं काडतूस रिमफायर, म्हणजे फायरिंग पिन त्याच्या कडेवर आपटते. .३२ सेंटर फायर, पिन बरोबर मध्यभागी आपटायला पाहिजे. म्हणजे बॅरलबरोबर बोल्टही (पिन असलेला मागचा सरकता भाग) वेगळा आला, मॅगझीनही वेगळं आलं. वजनाचं बघा, .२२ ची गोळी साधारण २.६ ग्रॅम आणि .३२ वॉडकटरची (सपाट तोंडाची मॅच गोळी) साडेसहाच्या आसपास, मग धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगाही त्या हिशोबानंच पाहिजेत. म्हणून किट म्हणजे पूर्ण जुळवलेला सेट असतो, त्यातलं एक इकडून एक तिकडून घेऊन भागत नाही. या पिस्तुलांत मॅगझीन ट्रिगरच्या पुढं असतं, हातात नाही, हे सगळ्यात सोयीचं. गोळी जाडी झाली म्हणून ग्रिप जाडी होत नाही.

आणि खरं सांगू का, किटचा फायदा पैशात नाहीच, ग्रिपमध्ये आहे. तुमच्या मुलाच्या ग्रिपवर बघा, अंगठ्याखाली पुट्टी लावून मग पॉलिश पेपरनं घासून घासून त्यानं हाताचा ठसा केला असेल, तळव्याची फळी मिलिमीटरनं वरखाली करून बसवली असेल. ते सगळं तसंच राहतं. ट्रिगरही तोच, कारण स्टँडर्ड पिस्तूल असो की सेंटर फायर, नियम १००० ग्रॅमचाच. दुसरं पिस्तूल घेतलं की हे परत शून्यापासून. फक्त झिरो (गोळी नेमाच्या जागी पडावी म्हणून केलेली साइटची जुळणी) वेगळा येणार, .२२ ला साइट डावीकडं दोन क्लिक असेल तर .३२ ला तसंच असेल असं धरून चालू नका. ज्या सेटमध्ये साइट वरच्या युनिटवरच असते तिथं एकदा झिरो केलं की ते युनिटबरोबर राहतं. तरी दोन्हीचे आकडे डायरीत लिहून ठेवायला लावा.

पण किट मागवायच्या आधी कागद. लोक उलटं करतात, आधी ऑर्डर आणि मग धावपळ. तुमच्या परवान्यावर .२२ ची नोंद असणार, .३२ चं युनिट घ्यायचं तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत जाऊन त्याची नोंद कशी करायची ते लेखी विचारून घ्या, आणि राज्य असोसिएशन आणि एनआरएआय या राष्ट्रीय रायफल संघटनेकडून आयातीची प्रक्रिया समजून घ्या. खेळाडूंना शस्त्रांच्या आणि काडतुसांच्या संख्येत वेगळी सवलत आहे, ती खेळाडूच्या दर्जावर ठरते, त्यामुळं मित्राला मिळालं म्हणून आपल्याला मिळेलच असं नाही. आणि कुणी म्हणालं की ९ एमएमचा सेट घे, तर तिथंच विषय बंद, ते आपल्याकडं प्रतिबंधित बोअर आहे.

काडतुसाबद्दल एक गोष्ट नीट ऐका, इथं लोक हमखास फसतात. '.३२' असं नुसतं म्हणून चालत नाही. आपल्याकडं परवान्यावर मिळणारी .३२ पिस्तुलं .३२ एसीपीची असतात, ते काडतूस वेगळं. मॅच पिस्तुलाला लागतं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, तेही वॉडकटर. वॉडकटरचं तोंड सपाट, पूर्ण केसच्या आत बसलेलं, वरून बघितलं तर गोळी आहे की नाही असं वाटावं. रिव्हॉल्व्हरचं गोल तोंडाचं काडतूस लांब असतं, ते मॅगझीनमध्ये जाणारच नाही, आणि जात नाही म्हणून कुणी दाबायला बसू नये. लापुआ, फिओकी असे ब्रँड येतात, भाव .२२ पेक्षा खूपच जास्त. म्हणजे किट स्वस्त पडला तरी सराव महागच पडणार, हा हिशोब घरात बसून आधी करा.

मुलाला वाटत असेल की भोक मोठं म्हणजे टार्गेटच्या रेघेवरची गोळी आत येईल आणि मार्क वाढतील, तर तसं काही नाही. सेंटर फायरला ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंत कुठलंही बोअर चालतं, पण शंकेची गोळी ९.६५ च्या गेजनंच (भोकात घालून बघायच्या मापानं) तपासतात, म्हणून .३२ वाला .३८ वाल्यापुढं कमी पडत नाही. वॉडकटर कागदात गोल स्वच्छ भोक पाडते, ते मोजायला बरं, एवढंच.

खेळ म्हणाल तर ६० गोळ्या, पहिल्या ३० प्रिसिजन (सावकाश नेम धरून), पुढच्या ३० रॅपिड. रॅपिडमध्ये टार्गेट ३ सेकंद दिसतं आणि ७ सेकंद लपतं, दर वेळी हात खाली घेऊन पुन्हा वर. धक्का जास्त असला तरी सावरायला वेळ मिळतो, स्टँडर्ड पिस्तुलातल्या १० सेकंदात पाच गोळ्यांसारखी घाई नाही. (तिथं .२२ च लागतं, नियमच आहे.) त्यामुळं .३२ ची भीती बाळगू नका, मात्र .२२ वर प्रिसिजन अजून हलत असेल तर किट एक वर्ष थांबू दे. जसपाल राणांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत सेंटर फायरला ५९० मारून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती, म्हणजे ६०० पैकी फक्त दहा मार्क गेले. मुलाला सांगा, त्या दहामध्ये बोअरचा काही संबंध नव्हता.

प्रश्न : माझ्याकडं .१७७ चं एअर पिस्तूल आहे, त्याला बॅरल बदलून .२२ करता येईल का? १० मीटरला कंटाळलोय. – इचलकरंजी

उत्तर : नाही. एअर पिस्तुलात हवेवर छर्रा सुटतो, त्याची बॉडी दारूच्या काडतुसासाठी बनवलेलीच नाही, फुटेल. १० मीटरला ४.५ मिलिमीटरच, म्हणजे .१७७ च लागतं, त्यामुळं स्पर्धेतही उपयोग नाही. आणि .१७७ चं, २० जूलच्या आतलं एअर पिस्तूल बिनपरवान्याचं चालतं, त्यात बोअर वाढवायला गेलात तर ती सवलतही घालवाल. कंटाळा आला असेल तर २५ मीटरसाठी रीतसर अर्ज करा, तोपर्यंत १० मीटरवरच ट्रिगरचा सराव करा भावा.

प्रश्न : मुलगी २५ मीटर खेळते. तिलापण .३२ लागेल का? सगळे म्हणतात घेऊन टाका. – एक आई, कागल

उत्तर : नाही ताई, अजिबात नाही. महिलांचं २५ मीटर पिस्तूल .२२ वरच असतं, सेंटर फायर हा पुरुषांचा प्रकार. गोळ्यांचं गणित तेच, ३० आणि ३०. आपल्या राही सरनोबतनं २०१३ ला चांगवॉन वर्ल्ड कपचं आणि २०१८ ला आशियाई स्पर्धेचं सुवर्ण याच प्रकारात घेतलं, .२२ वरच. तेवढे पैसे काडतुसांना आणि प्रवासाला ठेवा. अजून एक, घरी ड्राय फायर (काडतूस न घालता सराव) करत असेल तर रिकाम्या .२२ वर थेट ट्रिगर ओढू देऊ नका, रिमफायरची पिन चेंबरच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होतात. पिस्तुलाला ड्राय फायरची सोय आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा, नसेल तर चेंबरमध्ये घालायचा प्लग मिळतो.