लॅक्रॉस स्टिकच्या पॉकेटमध्ये चॅनल, व्हिप, शूटिंग स्ट्रिंग म्हणजे नेमकं काय?

लॅक्रॉस म्हणजे जाळी लावलेल्या स्टिकने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ. पॉकेट म्हणजे हेडच्या, म्हणजे स्टिकच्या टोकाच्या, चौकटीत विणलेली जाळीची झोळी. चेंडू उचलणारी पुढची कड म्हणजे स्कूप, दांड्याकडचं टोक थ्रोट आणि बाजूच्या भिंती साइडवॉल. जाळी साइडवॉलला ज्या दोऱ्यांनी बांधतात, त्यांवरच पॉकेटचा आकार ठरतो. नवखे नेमकं इथेच दुर्लक्ष करतात. चेंडू सुटताना ज्या मधल्या वाटेवरून जातो ती चॅनल. वरच्या भागात आडव्या ओवलेल्या दोऱ्या म्हणजे शूटिंग स्ट्रिंग. त्या घट्ट केल्या की व्हिप वाढतो, म्हणजे चेंडू उशिरा सुटून खाली जातो. पुरुषांच्या मैदानी लॅक्रॉसमध्ये पॉकेटात ठेवलेल्या चेंडूचा वरचा भाग साइडवॉलच्या खालच्या कडेखाली गेला, तर पॉकेट नियमबाह्य.