आयर्न मॅनच्या फिगरमध्ये मार्क ३, मार्क ६ आणि मार्क ४२ कसे ओळखायचे?

मार्क म्हणजे आयर्न मॅनच्या चिलखताचा नंबर. आपल्याकडं कोल्हापुरात खेळण्याच्या बऱ्याच खोक्यांवर नुसतं ‘आयर्न मॅन’ असतं, म्हणून हा घोळ होतो भावा. आधी छाती बघ. मार्क ३ चा दिवा गोल, मार्क ६ चा त्रिकोणी. मार्क ७ ला परत गोल केलाय. मार्क ४२ लांबूनच कळतो: अंगभर सोनेरी, लाल कमी, गुजरीतल्या सोनाराकडनं मढवून आणल्यागत. लाल-चंदेरी असला तर तो सुटकेसमधला मार्क ५.

स्वस्त मालात साचा एकच ठेवून नुसता रंग बदलतात, त्यामुळं खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नको. लाल-सोनेरी जिथं भेटतात ती कड बघ, रंग बाहेर सांडला असेल तर घासाघीस कर. मी तर मार्क ५ च घेईन, कपाटात लय भारी दिसतो.