न्याहाळणं, निरखणं आणि टक लावणं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी एक कथा लिहिली, त्यात वाक्य होतं 'पोलिसाने त्याला नखशिखांत न्याहाळलं'. मैत्रीण म्हणाली न्याहाळणं हे प्रेमाने बघण्यासाठीच वापरतात, बाळाला न्याहाळतात, चोराला नाही. कोण बरोबर?

उत्तर: तुमचं वाक्य एकदम बरोबर आहे, बदलू नका. मैत्रिणीला तसं का वाटलं हेही समजतं, कारण हल्ली आपण हा शब्द जास्त करून कवितेत नाहीतर फोटोच्या कॅप्शनमध्ये वाचतो आणि तिथे तो कायम हळवाच असतो. पण न्याहाळण्यात प्रेम असलंच पाहिजे असं काही नाही. त्यात दोन गोष्टी लागतात, वेळ आणि फिरती नजर. बघणारा घाईत नाही आणि त्याची नजर समोरच्यावरून सावकाश सरकतेय, कपाळ, डोळे, हात, कपडे, चपला, परत चेहरा. आई झोपलेल्या बाळाला अशीच बघते आणि पोलीसही संशयिताला असाच बघतो. भाव वेगळा पण नजरेची चाल तीच, म्हणून तर 'नखशिखांत' हा शब्द न्याहाळण्याला इतका छान चिकटतो. 'नखशिखांत टक लावली' असं कोणी म्हणतं का? नाही, कारण टक लावली की नजर हलत नाही. एका जागी खिळली, संपलं.

आता बाकीची भावंडं पण बघून घ्या म्हणजे गोंधळ होणार नाही. निरखणं म्हणजे बारकावा शोधत बघणं, 'सही निरखून बघ, खोटी वाटतेय'. रोखून बघणं यात समोरच्यावर दाब टाकायचा असतो, नजरेला नजर देऊन. डोळे वटारले की राग आला. टकामका बघणं हे लहान मुलाचं किंवा गोंधळलेल्या माणसाचं, त्यात समजून घेण्यापेक्षा काहीच न समजणं जास्त. आणि टेहळणं तर वेगळंच, ते लांबून, लक्ष ठेवायला, बुरुजावरून करतात तसं. शेवटी ळ आहे म्हणून न्याहाळणं आणि टेहळणं यांची अदलाबदल करणारे बरेच दिसतात, ती करू नका प्लीज.

या निमित्ताने एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. यार्बुस नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्याला माणसाची नजर चित्रावरून कशी फिरते ते मोजलं होतं. रेपिन या चित्रकाराचं एक चित्र आहे, बऱ्याच काळाने अचानक घरी आलेला माणूस आणि चकित झालेले घरचे लोक. यार्बुसने तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं आणि दरवेळी प्रश्न बदलला, ही माणसं किती वयाची आहेत सांगा, घरची परिस्थिती कशी आहे सांगा, वगैरे. प्रश्न बदलला की नजरेची वाटच बदलायची! वय विचारलं तर नजर चेहऱ्यांवर, परिस्थिती विचारली तर सामानावर आणि कपड्यांवर. म्हणजे बघा, चित्र तेच, डोळे तेच, पण मनात काय शोधतोय त्यावर नजर कुठे जाणार ते ठरतं. त्यामुळे कथेत नुसतं 'न्याहाळलं' लिहून थांबू नका, पोलिसाची नजर कुठे कुठे थांबली ते लिहा, चिखल लागलेल्या बुटांवर की थरथरणाऱ्या बोटांवर, वाचकाला त्याच्या मनातला संशय आपोआप कळेल.

प्रश्न: 'न्याहळणे' की 'न्याहाळणे'? आणि 'न्याहाळून पाहणे' यात एकच गोष्ट दोनदा नाही का होत?

उत्तर: न्याहाळणे. त्यातला 'हा' दीर्घच. मूळ संस्कृत निभालयति, प्राकृतात भ चा ह होऊन णिहाल, तिथून मराठीत निहाळणे आणि मग न्याहाळणे. हिंदीतलं निहारना, गुजरातीतलं निहाळवुं ही याच घरातली. सगळीकडे 'हा' टिकून आहे, मग आपणच का खायचा. बोलताना तो पटकन गिळला जातो म्हणून टाईप करताना चुकतो, एवढंच.

न्याहाळून पाहणे चालतं. निरखून पाहणे, रोखून पाहणे तसंच ते, कसं पाहिलं ते आधीचा शब्द सांगतो.

प्रश्न: भूतकाळात 'ती आरशात चेहरा न्याहाळली' असं ऐकलं, बरोबर का?

उत्तर: प्रमाण मराठीत नाही. तिने चेहरा न्याहाळला, तिने साडी न्याहाळली, तिने स्वतःला न्याहाळलं. क्रियापद सकर्मक आहे.

प्रश्न: प्रवासात एक माणूस माझ्याकडे सतत बघत होता. तक्रार लिहिताना मी 'तो मला न्याहाळत होता' असं लिहिलं आणि वाचल्यावर ते मलाच फार सौम्य वाटलं. काय लिहायला हवं होतं?

उत्तर: तुम्हाला जे खटकलं ते अगदी योग्य खटकलं. व्याकरणात चूक नाही, पण न्याहाळणं हा बघणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. तो काय करतोय ते कळतं, पण तुम्हाला नको होतं, त्रास होत होता, हे त्यात कुठेच येत नाही. वर त्याला कवितेतला तो गोड वास आहेच. बातम्यांमध्ये आणि गोष्टींमध्येही अशा बघण्याला सर्रास न्याहाळणं म्हणतात आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं, कारण शब्द मऊ झाला की वाचणाऱ्याला घटना पण मऊ वाटायला लागते.

तक्रारीत सरळ लिहा, 'टक लावून बघत होता'. आणि त्याच्या पुढे जे घडलं ते जसंच्या तसं: साधारण किती वेळ, मी तोंड फिरवलं तरी नजर हटवली नाही, मी जागा बदलली तर तोही उठून समोर येऊन बसला, असं जे काही झालं असेल ते. 'वखवखलेली नजर', 'घाणेरडी नजर' हे शब्द खरे असतील आणि रागाच्या भरात तेच आधी सुचतात, पण ते तुमचं मत म्हणून बाजूला ठेवलं जाऊ शकतं, जागा बदलली हे मात्र आजूबाजूच्यांनीही पाहिलेलं असतं. हवं तर ते शब्द नंतर एका वाक्यात लिहा, 'मला भीती वाटली' हे पण लिहा, त्यात संकोच करू नका.