एवढं मोठं ठरवलं आणि नाही जमलं तर?

हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकलाय की शेवटी लिहायलाच बसले. सातारा, कराड, पुणे, जिकडे बघावं तिकडे चाळिशीच्या पुढची माणसं पळायला लागलीयेत, आधी ग्रुपबरोबर पाच किलोमीटर, मग दहा, मग दोन-तीन हाफ मॅरेथॉन (21 किलोमीटर) होतात, मेडल्स खिळ्याला लटकतात आणि एक दिवस डोक्यात काहीतरी भलंमोठं शिरतं. त्याच्या मागोमाग ही भीती. यूपीएससीवाल्या पोरांनाही ती असते पण त्यांना निदान घरचे ढकलत असतात. हौशी रनरला कोण ढकलणार? त्याला उलट "या वयात कशाला हवंय" हेच ऐकायला मिळतं.

अशाच एक ताई. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.) बँकेत नोकरी, वय 46, सातारा हिल मॅरेथॉन केलेली, म्हणजे यवतेश्वरचा घाट चढायचा आणि परत उतरायचा, खायचं काम नाही. सपाटीवरची हाफ 2 तास 40 मिनिटांत. पन्नाशीला कॉम्रेड्स करायची असं मनात घेतलेलं, आणि घरी कुणालाही सांगितलेलं नाही. मी समुपदेशक, माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून.

कॉम्रेड्स माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमध्ये 90 किलोमीटरच्या आसपासची रेस, 1921 पासूनची, आणि 12 तासांत पूर्ण करायची. बारा तास झाले की फिनिश लाइनवर एक जण रनर्सकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. त्यानंतर एक पाऊल राहिलेल्यालाही मेडल नाही. ताई रात्री मोबाईलवर नेमका हाच व्हिडिओ बघत बसायच्या, परत परत.

"त्या बाहेर राहिलेल्या माणसाचं काय होत असेल हो मॅडम?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"संपलंच की. इतकी वर्षं घालवली आणि शेवटी तोंडघशी."

"पण तो तेवढं अंतर पळला की नाही?"

"पळला ना. पण लोक काय म्हणणार?"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने 1955 पासून विवेकनिष्ठ उपचारांची, म्हणजे त्रास देणारे विचार तर्काला धरून तपासायची, जी वाट घालून दिली त्याच वाटेने मी काम करते, त्यामुळे इथे माझं ठरलेलं सांगणं असतं, की रेस हुकली म्हणजे माणूस फुकट गेला असं होत नाही, कामाला मार्क द्या, स्वतःला देऊ नका. ताईंनी मान डोलावली. पण काही माना समोरच्याचा मान राखायला डोलतात, ते एव्हाना कळतं मला.

मग कागद घेतला. कॉम्रेड्सला जायचं तर आधी फुल मॅरेथॉन (42 किलोमीटर) ठरलेल्या वेळेत करून दाखवावी लागते, गेल्या काही वर्षांत ती वेळ 4 तास 50 मिनिटं आहे. किलोमीटरला किती पडतात? बँकेतली बाई, चटकन हिशोब केला, 6 मिनिटं 52 सेकंद. हाफमध्ये त्यांचा पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, 7:35. म्हणजे फरक 43 सेकंद, तोही दुप्पट अंतरावर. "एवढाच?" म्हणाल्या आणि लगेच "बापरे, एवढा?" मग मूळ रेसचं काढलं, 90 किलोमीटर 12 तासांत म्हणजे किलोमीटरला 8 मिनिटं. "म्हणजे मी आत्ता पळते त्यापेक्षा हळू!" पहिल्यांदाच हसल्या. वर्षभर ज्याने झोप उडवली होती त्याचा हिशोब त्यांनी एकदाही मांडला नव्हता, आणि हे फक्त त्यांचंच नाही, मोठं ठरवणारे बहुतेक जण आकड्यांपाशी जातच नाहीत.

पण झोप काही परत आली नाही. पुढच्या वेळी मी सहज विचारलं, "समजा ही रेसच बंद पडली. कायमची. उद्या पहाटे काय कराल?"

"पळायला जाईन."

मग बराच वेळ काही नाही. मग हळूच, "पण घरी काय सांगू?"

"म्हणजे?"

"सासूबाईंचा चहा, पोरीचा डबा, सगळं टाकून बाई रोज दीड तास कुठे जाते? रेस असली की सांगता येतं. एक हाफ झाली की मी पुढची सांगायची. आता हाफचं कुणाला काही वाटत नाही, म्हणून मग..."

वाक्य तिथेच राहिलं. त्या 43 या आकड्याभोवती पेनने गोल काढत राहिल्या, कागद फाटेपर्यंत.

आलं लक्षात? कॉम्रेड्स हा त्यांचा पहाटेचा गेटपास होता. हाफचा पास जुना झाला म्हणून मोठा पास हवा होता. आणि तो नामंजूर झाला तर रेसबरोबर सकाळही जाणार. मग झोप कशी लागेल! बाई घाबरली होती ती हरण्याला नाहीच, घरातल्या घरात पुन्हा अडकण्याला. असा धागा हाताला लागला की मला अजूनही आतून छान वाटतं, खोटं कशाला बोलू.

महिनाभर कॉम्रेड्सचं नावही काढायचं नाही असं ठरवलं. घरी एवढंच सांगायचं, मला पळायला आवडतं, मी जाणार. सासूबाईंनी दोन दिवस तोंड फुगवलं, नवरा डबा भरायला शिकला, रविवारच्या लाँग रनवरून मात्र अजून खटके उडतात. महिन्याने आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, रेस हवीये मला. खरंच हवीये."

आता ठरवायला हरकत नव्हती.

तुमच्याही डोक्यात असं काही असेल तर आधी ते मनातल्या मनात रद्द करून बघा. रद्द झाल्यावर सुटल्यासारखं वाटलं तर ते ध्येय बहुधा दुसऱ्या कुणाला दाखवायला होतं. चुटपुट लागली तर तुमचं आहे, मग बिनधास्त मोठं ठरवा, पण कागदावर, आकड्यांसकट. आणि मधले टप्पे स्वतंत्रपणे महत्त्वाचे माना. ताईंचा पहिला टप्पा जानेवारीतली मुंबईची फुल, तिथे पस्तीस किलोमीटर पळून झाल्यावर पेडर रोडची चढण येते, ती चालत पार केली तरी चालेल असं आधीच ठरलंय. 4:50 एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत टप्प्यात आलं नाही तर वर्ष पुढे ढकलायचं की रेस बदलायची हे तेव्हा बघायचं, रोज रात्री नाही. डॉक्टरकडे जाऊन हिमोग्लोबिन वगैरे तपासणं यातच आलं, जिद्दीच्या नादात बायका नेमकं तेच विसरतात.

आणि घरी सांगा हो. ताईंनी सांगितलं तेव्हा नवऱ्याने ना कौतुक केलं ना विरोध, विचारलं काय तर "विमानाचं तिकीट कितीला पडतं?" रास्त प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी ताईंनी आपल्याच शाखेत आरडी उघडली.